जँगोचं अ‍ॅप लॅपटॉपवर चालते, मग सर्व्हरवर काहून नाही चालत?

आमच्या घाटंजी तालुक्यातली दोनतीन पोरं आता वेबचं काम शिकून राह्यली आणि प्रत्येकाचा फोन एकाच ठिकाणी येऊन अडकते. भाऊ, लॅपटॉपवर सगळं बरोबर चालते, सर्व्हरवर टाकलं की पाचशे दोन नंबरची एरर दाखवते, आता काय करू? मी पण तिथंच अडकलो होतो. गावातल्या शेतकरी कंपनीसाठी सोयाबीन बियाण्याच्या नोंदणीचं छोटं अ‍ॅप केलं होतं, लॅपटॉपवर पंधरा मिनिटांत उभं राह्यलं आणि सर्व्हरवर चढवायला चार दिवस गेले. ते चार दिवस तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सुरुवातीपासून लिहितो. कमांड बोलतो तशा लिहिल्या आहेत, डॉट म्हटलं तिथं टिंब, हायफन म्हटलं तिथं आडवी रेघ, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. जँगो म्हणजे पायथनमध्ये वेब अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, सर्व्हर नाही. आपण मॅनेज डॉट पीवाय रनसर्व्हर देतो आणि ब्राउझरमध्ये पान उघडते, म्हणून वाटते की जँगोच सगळं सांभाळते, पण रनसर्व्हर फक्त घरी काम करताना वापरायसाठी आहे, जँगोवाल्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की खऱ्या सर्व्हरवर हे चालवू नका. खऱ्या सर्व्हरवर तीन गडी लागतात. जिनिंगच्या गेटवर कापसाच्या गाड्या लागतात ते आठवा. गेटवरचा माणूस गाडी आत घेते, कोणती कुठं पाठवायची ते ठरवते, तो एनजिनएक्स (बोलताना इंजिन एक्स म्हणतात). आतला मुकादम मजुरांना कामाला लावते, एखादा मजूर बसला तर त्याच्या जागी दुसरा आणते, तो गुनिकॉर्न. आणि प्रत्येक मजुराच्या हातातलं खरं काम म्हणजे तुमचा जँगोचा कोड. या तिघांच्या वर सिस्टीमडी, रात्री लाइट जाऊन आली तरी सकाळी सगळ्यांना जागेवर उभं करणारा.

मुकादम आणि जँगो एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात? तिचं नाव डब्ल्यूएसजीआय. पायथनवाल्यांनी 2003 मध्ये हा नियम लिहिला आणि पायथन तीनसाठी 2010 मध्ये सुधारला, त्याच्या आधी कोणतं फ्रेमवर्क कोणत्या सर्व्हरवर चालेल याचा मेळच नव्हता. नियम अगदी लहान आहे. सर्व्हरनं एक फंक्शन बोलवायचं, त्याला रिक्वेस्टची सगळी माहिती द्यायची, फंक्शननं उत्तर परत करायचं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये डब्ल्यूएसजीआय डॉट पीवाय नावाची फाईल आपोआप तयार होते ना, जिला कोणी कधी उघडत नाही, तिच्यात अ‍ॅप्लिकेशन नावाची एक ओळ आहे, तेच ते फंक्शन. गुनिकॉर्न तीच ओळ शोधते. एवढं समजलं की फ्लास्क (पायथनचं दुसरं फ्रेमवर्क) असो, जँगो असो, जोडणी सारखीच. फास्टएपीआय नावाचं तिसरं फ्रेमवर्क मात्र वेगळ्या नियमावर चालते, एएसजीआय, तिथं युव्हिकॉर्न लागते.

आता तुम्ही म्हणाल, गुनिकॉर्न आहे तर मग गेटवर एनजिनएक्स कशाला? हे मी जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडं याचा फरक पुण्या-मुंबईपेक्षा जास्त पडते. गुनिकॉर्नचा साधा वर्कर, म्हणजे एक मजूर, एका वेळेस एकच रिक्वेस्ट घेते, ती पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याकडं पाहत नाही. आता शेतात उभा असलेला माणूस, नेटवर्कची एकच काडी, तो सातबाऱ्याचा फोटो चढवून राह्यला आणि फोटो हळूहळू येते, चाळीस सेकंद, पन्नास सेकंद. तेवढा वेळ तुमचा एक मजूर फक्त हात पसरून उभा. असे तीन शेतकरी एकाच वेळेस आले आणि तुमच्याकडं वर्कर तीनच, तर चौथ्या माणसासाठी अ‍ॅप बंद. वरून गुनिकॉर्नचा ठरलेला टाइमआउट 30 सेकंदांचा, तेवढ्या वेळात वर्करनं हालचाल नाही दाखवली तर मुकादम त्याला काढून टाकते, म्हणजे शेतकऱ्याचा फोटोही गेला. एनजिनएक्स समोर असला की तो आधी पूर्ण फोटो स्वतःजवळ जमा करते आणि मगच एका झटक्यात गुनिकॉर्नला देते, उत्तर पण गुनिकॉर्नकडून लगेच घेऊन ठेवते आणि शेतकऱ्याला त्याच्या नेटच्या वेगानं देत बसते. एनजिनएक्स हजारो असे हळू लोक एकाच वेळेस सांभाळू शकते, तो त्यासाठीच बनला आहे. मृगाचा पाऊस पडल्यावर एका सकाळी अख्खा गाव बियाणं नोंदवायला बसते तेव्हा याच कारणानं अ‍ॅप तग धरते.

चला, आता कामाला. उबंटू 24.04 असलेला एक लहान सर्व्हर धरून चालतो, एक जीबी रॅम, एक कोअर, सुरुवातीला पुरते. आणि सगळ्यात आधी टीमक्स (जोडणी तुटली तरी सर्व्हरवर कमांड चालू ठेवणारा प्रोग्राम) सुरू करायची सवय लावा, कारण आपल्याकडं लाइट गेली की थोड्या वेळात टॉवरही जाते, एसएसएच (सर्व्हरशी दुरून केलेली जोडणी) तुटते आणि अर्धवट चाललेली कमांड तिथंच मरते. टीमक्समध्ये चालवलं तर नेट आल्यावर टीमक्स अटॅच म्हणा, काम जिथं होतं तिथं सापडते.

पहिलं काम जागेचं. प्रोजेक्ट घरच्या फोल्डरमध्ये म्हणजे होममध्ये ठेवू नका, एसआरव्ही फोल्डरमध्ये ठेवा, समजा एसआरव्ही, त्यात बियाणे. कारण उबंटूनं 21.04 पासून प्रत्येकाचं होम फोल्डर दुसऱ्यांना बंद केलं, आणि एनजिनएक्स वेगळ्या युजरच्या नावानं चालते, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हायफन डेटा. त्याला तुमच्या घरात शिरताच येत नाही. मग पान दिसते पण रंग नाही, फोटो नाही, सगळीकडं चारशे तीन. जुने व्हिडिओ पाहून काम करणारी पोरं इथंच फसतात कारण त्या व्हिडिओच्या काळात घर उघडं होतं.

मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे या प्रोजेक्टच्या लायब्ररींसाठी वेगळी खोली. पायथन3 हायफन एम व्हेनव्ह व्हेनव्ह. हे टाळायचा प्रयत्न केला तर नवीन उबंटू पिप (लायब्ररी बसवायची कमांड) चालूच देत नाही, एक्स्टर्नली मॅनेज्ड म्हणून ओरडते, आणि ते ओरडणं बरोबर आहे, सिस्टीमचा पायथन सिस्टीमसाठी राहू द्या. व्हेनव्ह चालू करून रिक्वायरमेंट्सची फाईल इन्स्टॉल करा, सोबत गुनिकॉर्न.

आता सेटिंग्ज डॉट पीवाय. डीबग फॉल्स करा, हे विसरलं तर एरर आली की तुमच्या कोडचे तुकडे आणि सेटिंगची बरीच माहिती समोरच्याला दिसते. अलाउड होस्ट्समध्ये तुमचं डोमेन टाका, नाहीतर जँगो प्रत्येकाला चारशे देऊन परत पाठवेल. सीक्रेट की कोडमधून काढून वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, गिटमध्ये तर ती जाऊच देऊ नका. स्टॅटिक रूटला (पानाचे रंग, चित्रं वगैरे फाईली जिथं जमा होतात) एक फोल्डर द्या आणि कलेक्टस्टॅटिक चालवा, डीबग बंद केला की जँगो स्टॅटिक फाईल देणं थांबवते, त्या आता गेटवरच्या माणसानं द्यायच्या आहेत. आणि टाइम झोन एशिया कोलकाता करा. नवीन प्रोजेक्टमध्ये तिथं यूटीसी लिहिलेलं असते, आपल्या साडेपाच तास मागे. आमच्याकडं माणूस पहाटे पाचला उठून नोंदणी करते आणि यादीत तारीख आदल्या दिवसाची दिसते, मग नंबर कोणाचा आधी यावरून भांडण. सगळं झालं की मॅनेज डॉट पीवाय चेक हायफन हायफन डिप्लॉय चालवून पाहा, काय राह्यलं ते जँगो स्वतः सांगते.

एसक्यूलाइट (एकाच फाईलमध्ये राहणारा डेटाबेस) वापरत असाल तर एक अडचण नक्की येईल, रीडओन्ली डेटाबेस. तुम्ही फाईलला परवानगी देता आणि तरी चालत नाही. कारण एसक्यूलाइट लिहिताना बाजूला आणखी एक तात्पुरती फाईल बनवते, म्हणजे ज्या फोल्डरमध्ये डेटाबेस आहे त्या फोल्डरवरही लिहायची परवानगी पाहिजे. डेटाबेससाठी डेटा नावाचं वेगळं फोल्डर करा आणि तेवढ्याचाच मालक अ‍ॅपचा युजर ठेवा. आणि एकाच वेळेस खूप लोक लिहिणार असतील तर सरळ पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस घ्या, एसक्यूलाइटमध्ये एका क्षणी एकच जण लिहू शकते.

आता पहिला सांधा जोडायचा, गुनिकॉर्न आणि जँगोचा. एनजिनएक्सला हात पण लावू नका अजून. बहुतेक जण तिन्ही गोष्टी एकदम लावतात आणि मग बिघाड नेमका कुठं आहे ते कळत नाही, मी चार दिवस यातच घालवले. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, जिथं मॅनेज डॉट पीवाय आहे तिथं उभं राहून चालवा, गुनिकॉर्न बियाणे डॉट डब्ल्यूएसजीआय, पुढं हायफन हायफन बाइंड आणि 127.0.0.1, कोलन (एकावर एक दोन टिंबं), 8000. बाइंडमध्ये 0.0.0.0 टाकू नका, नाहीतर गेट सोडून मागच्या दारानं सगळं जग आत येईल. दुसऱ्या खिडकीत कर्लनं (पान मागवायची कमांड) तोच पत्ता मारून पाहा. पान आलं तर उत्तम. चारशे आलं तरी घाबरू नका, उलट आनंदाची गोष्ट आहे, गुनिकॉर्न जिवंत आहे आणि जँगोपर्यंत बोलणं पोचलं, फक्त 127.0.0.1 हे नाव अलाउड होस्ट्समध्ये नाही म्हणून जँगो नाही म्हणून राह्यला. कर्लला हायफन मोठा एच देऊन होस्ट म्हणून तुमचं डोमेन सांगा, पान येईल. आणि वर्कर फेल्ड टू बूट असं आलं तर वरच्या ओळी वाचा, बहुतेक वेळा एखादी लायब्ररी इन्स्टॉल करायची राह्यलेली असते नाहीतर मॉड्यूलचं नाव चुकलेलं.

वर्कर किती ठेवायचे? गुनिकॉर्नच्या कागदपत्रात सुरुवातीसाठी हिशोब दिला आहे, कोअरच्या दुप्पट अधिक एक, म्हणजे एका कोअरला तीन. पण प्रत्येक वर्कर तुमचा पूर्ण जँगो स्वतःच्या मेमरीत घेऊन बसते, म्हणून फ्री हायफन एम चालवून रॅम पाहा, पाचशे एमबीचा सर्व्हर असेल तर दोनच ठेवा.

दुसरा सांधा सिस्टीमडीचा. ईटीसी, सिस्टीमडी, सिस्टीम या फोल्डरमध्ये बियाणे डॉट सर्व्हिस नावाची फाईल करायची. तिच्यात तीन भाग. युनिटमध्ये आफ्टर नेटवर्क डॉट टार्गेट. सर्व्हिसमध्ये युजर, वर्किंग डिरेक्टरी, एन्व्हायर्नमेंट फाईल, एक्झेकस्टार्ट आणि रीस्टार्ट इज इक्वल टू ऑल्वेज. इन्स्टॉलमध्ये वाँटेड बाय मल्टी हायफन युजर डॉट टार्गेट. एक्झेकस्टार्टमध्ये व्हेनव्हच्या बिन फोल्डरमधल्या गुनिकॉर्नचा पूर्ण पत्ता लिहा, सिस्टीमडीला तुमचं अ‍ॅक्टिव्हेट केलेलं व्हेनव्ह माहीत नाही. एन्व्हायर्नमेंट फाईलमध्ये ओळी साध्या नाव बरोबर किंमत अशा लिहा, पुढं एक्सपोर्ट लावू नका. मग सिस्टीमसीटीएल डेमन हायफन रीलोड, नंतर इनेबल हायफन हायफन नाऊ बियाणे.

इनेबल हा शब्द मोठा करून भिंतीवर लिहा. मी पहिल्या वेळेस फक्त स्टार्ट केलं होतं. मे महिन्यात ज्यांच्याकडून सर्व्हर भाड्यानं घेतला त्यांनी त्यांच्या कामासाठी मशीन बंद करून चालू केली, अ‍ॅप परत उठलंच नाही आणि मी लग्नाला गेलेलो, दीड दिवस नोंदणी बंद. स्टार्ट म्हणजे आत्ता उठ, इनेबल म्हणजे रोज उठायचं.

सर्व्हिस उठली नाही तर सिस्टीमसीटीएल स्टेटस बियाणे पाहा, तिथं एक आकडा दिसते. 200 आणि सीएचडीआयआर असेल तर वर्किंग डिरेक्टरी चुकली किंवा तिथं जायची परवानगी नाही. 203 आणि एक्झेक असेल तर गुनिकॉर्नचा पत्ता चुकला. 217 असेल तर तो युजरच सर्व्हरवर नाही. 3 असेल तर सिस्टीमडीचं काम झालं, भानगड तुमच्या पायथनच्या कोडमध्ये आहे, जर्नलसीटीएल हायफन यू बियाणे लावून शेवटच्या ओळी वाचा. हे चार आकडे पाठ असले तर अर्धं काम झालं.

तिसरा सांधा एनजिनएक्सचा. साइट्स हायफन अव्हेलेबलमध्ये फाईल, तिची लिंक साइट्स हायफन इनेबल्डमध्ये, आणि तिथली डिफॉल्ट नावाची लिंक काढून टाका, नाहीतर एनजिनएक्सचं स्वागताचं पानच दिसत राहील. सर्व्हर ब्लॉकमध्ये सर्व्हर नेम तुमचं डोमेन. लोकेशन स्टॅटिकमध्ये अलायस देऊन कलेक्टस्टॅटिकचं फोल्डर, शेवटचा स्लॅश दोन्हीकडं सारखा ठेवा, एकीकडं असला आणि दुसरीकडं नसला की फाईलचा पत्ता बिघडते. बाकी सगळं लोकेशन स्लॅशमध्ये, प्रॉक्सी पास देऊन 127.0.0.1 च्या 8000 वर. युनिक्स सॉकेट पण वापरता येते आणि चांगलं आहे, पण नवीन माणसानं आधी पोर्टवर चालवावं असं माझं मत, सॉकेटमध्ये परवानगीचा आणखी एक गुंता वाढते.

प्रॉक्सी पासच्या खाली जे हेडर (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या चिठ्ठ्या) द्यायचे ते सगळे कॉपी करतात पण काहून द्यायचे ते कोणी सांगत नाही. एनजिनएक्स जेव्हा गुनिकॉर्नशी बोलते तेव्हा ती नवी रिक्वेस्ट असते, तिच्यात शेतकऱ्याची मूळ माहिती नसते. होस्ट हेडर नाही दिलं तर जँगोला वाटते कोणीतरी 127.0.0.1 मागून राह्यलं, आणि चारशे. एक्स फॉरवर्डेड फॉर नाही दिलं तर सगळे लोक एकाच आयपीवरून आले असं दिसते. आणि एक्स फॉरवर्डेड प्रोटो नाही दिलं तर जँगोला कळतच नाही की बाहेर एचटीटीपीएस आहे. हे शेवटचं फार त्रास देते, पान उघडते, लॉगिनचा फॉर्म भरला की चारशे तीन, सीएसआरएफ फेल्ड (फॉर्म खरंच आपल्याच साइटवरून आला का, ही तपासणी). कारण ब्राउझर म्हणते मी एचटीटीपीएसवरून आलो, जँगो म्हणते मी तर साधा एचटीटीपी आहे, दोघांचं जमत नाही. हेडर द्या आणि सेटिंग्जमध्ये सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर भरा, किंवा सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्समध्ये डोमेन टाका, जँगो 4.0 पासून तिथं पुढं एचटीटीपीएस सकट पूर्ण लिहावं लागते. पण एसएसएल हेडरची सेटिंग एनजिनएक्स खरंच तो हेडर स्वतः भरत असेल तरच करा, नाहीतर बाहेरचा कोणीही खोटा हेडर पाठवू शकते.

क्लायंट मॅक्स बॉडी साइज पण आत्ताच लावून घ्या. न सांगता एनजिनएक्स 1 एमबीपर्यंतच घेते, आजकाल मोबाईलचा फोटो तीनचार एमबीचा सहज असते, मग चारशे तेरा येते आणि जँगोच्या लॉगमध्ये काहीच दिसत नाही कारण गाडी गेटवरूनच परत गेली. मी 10 एमबी ठेवलं. प्रत्येक बदलानंतर सुडो एनजिनएक्स हायफन टी, ओके आलं तरच रीलोड.

आता डोमेनचं ए रेकॉर्ड (डोमेन कोणत्या आयपीचं ते सांगणारी नोंद) सर्व्हरच्या आयपीवर, फायरवॉलमध्ये 80 आणि 443 उघडा. यूएफडब्ल्यू (उबंटूची फायरवॉल) चालू करायच्या आधी ओपनएसएसएच अलाउ करा, नाहीतर स्वतःच्याच सर्व्हरबाहेर राहाल. मग एचटीटीपीएससाठी सर्टबॉट हायफन हायफन एनजिनएक्स, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट आहे, 90 दिवसांचं, सर्टबॉट स्वतः नवीन करत राहते. सर्टबॉट रिन्यू हायफन हायफन ड्राय हायफन रन एकदा चालवून पाहा.

अडचण आली की बाहेरून आत या. पाचशे दोन म्हणजे एनजिनएक्स जिवंत आहे, गुनिकॉर्न भेटून नाही राह्यला किंवा 30 सेकंदांच्या टाइमआउटनं त्याचा वर्कर मधेच गेला, सर्व्हिसचं स्टेटस पाहा. पाचशे चार म्हणजे गुनिकॉर्न भेटला पण 60 सेकंदांत उत्तर आलं नाही, तुमची एखादी क्वेरी फार हळू आहे. पाचशे म्हणजे जँगोपर्यंत पोचलं आणि तिथं फाटलं, जर्नल वाचा, पण डीबग बंद असताना ही एरर जर्नलमध्ये यायला सेटिंग्जमध्ये लॉगिंग लावलेलं पाहिजे. साइट उघडतच नाही, नुसतं फिरत राहते, तर फायरवॉल किंवा डोमेन. एनजिनएक्सचा एरर लॉग व्हार, लॉग, एनजिनएक्स इथं असते, त्यात कनेक्शन रिफ्यूज्ड लिहिलं की पोर्टवर कोणी ऐकत नाही, परमिशन डिनाइड लिहिलं की फोल्डरचा मालक तपासा.

नवीन कोड टाकताना गिट पुल केलं आणि बदल दिसला नाही म्हणून पण फोन येतात. गुनिकॉर्ननं जुना कोड मेमरीत धरलेला असते, रनसर्व्हरसारखा तो आपोआप नवा घेत नाही. म्हणून क्रम ठरवून घ्या, गिट पुल, रिक्वायरमेंट्स, मायग्रेट (डेटाबेसच्या रचनेतले बदल), कलेक्टस्टॅटिक, मग सिस्टीमसीटीएल रीस्टार्ट बियाणे. मायग्रेटच्या आधी डेटाबेसची कॉपी काढून लॅपटॉपवर आणा. हे काम भर दुपारी करू नका, रात्री जेवणं झाल्यावर करा, तेव्हा गावात कोणी अ‍ॅप उघडत नाही.

आणि लोकांना लिंक पाठवायच्या आधी सुडो रीबूट करा. दोन मिनिटं थांबा, काहीच हात लावू नका. मग घरचं वायफाय बंद करून, मोबाईल घेऊन गावाबाहेर जिथं एकच काडी राहते तिथं जा, तिथून लॉगिन करा, एक मोठा फोटो चढवा, यादीत नाव आणि वेळ बरोबर आली का पाहा. आमच्याकडं ती जागा नाल्याच्या पलीकडं आहे, प्रत्येक मोठ्या बदलानंतर मी तिथं जाऊन येतो.